प्रतिसाद: कोप्यांवरचं लसीकरण
वर कुणीतरी लिहिलंय की आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर नुसती रजिस्टरं भरतात. भरतात खऱ्या, तेवढं मान्य. पण सोलापूर जिल्ह्यात माढा-माळशिरसकडं हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, त्या पोरांना लस द्यायला जातात तेव्हा एकदा जाऊन बघा.

नियमानं सपाट भागात 5000 लोकसंख्येला एक उपकेंद्र. दिवाळीच्या सुमारास बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्या या आकड्यात कुठं असतात? बाया पहाटे चारला फडात. सिस्टर दहाला पोचली तर कोपीत म्हातारी आणि एखादं शेरडू. संध्याकाळी जावं तर सकाळी फोडलेली गोवर-रुबेला लसीची बाटली तोवर टिकत नाही, चार तासांत संपवावी लागते, उरली की फेकायची. म्हणून आमच्याकडच्या सिस्टर टोळीच्या मुकादमाला आदल्या दिवशी फोन करून पोरं थांबवायला सांगायच्या. मुकादम कुरकुरायचा, पण ऐकायचा.

खरी अडचण कार्डाची. पेंटाचा (पाच रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस सहाव्या आठवड्याला गावी, दुसरा दहाव्याला इथं, आणि माता-बाल कार्ड राहिलेलं गावच्या पेटीत. आईला विचारलं तर, "मांडीवर टोचलं होतं की!" आता पेंटापण मांडीवरच, बीसीजी (क्षयाची लस) दंडावर. एवढ्यावरनं अंदाज काढायचा. निघताना कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, एवढं आशाताईनं गावीच सांगितलं तरी निम्मं काम होतं.