मालिकांमधली 'बाई', 'भैया' आणि 'गाववाला': लेखकाची अडचण की आळस?

पार्लेकर:
हिंदी मालिका घडतात गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला, नायगावला. तरी त्यांतला मराठी माणूस अजून धुणंभांडी करतो, नाहीतर हवालदार असतो. कॅरेक्टर स्केचमध्येच ओळ असते: 'बाई, ४५, फटकळ, महाराष्ट्रीयन'. पुढचं आपोआप होतं. कॉश्च्युमवाला नऊवारी काढतो, मेकअपवाला टिकली मोठी करतो, आणि भांडी घासताना नाकात नथ! संवाद हिंदी, मधे मधे पेरलेलं 'आई शप्पथ'. पहिल्या भागात ठरलेलं हे रूप मालिका संपेपर्यंत हलत नाही. याला विनोद म्हणू नका, आळस म्हणा.

पाट्याटाकू:
आळस म्हणणं सोपं आहे हो. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा असली तरी अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये गोष्टीला साधारण २२ मिनिटंच उरतात. भाग रोजचा. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. चॅनेलकडून वनलाइन (भागाच्या गोष्टीचा थोडक्यात आराखडा) उशिरा पास झाली आणि एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, संपलेली असली, की सीन थेट सेटवर येऊन पडतो. नवं पात्र प्रेक्षकाला अर्ध्या मिनिटात कळावं लागतं, तेही कुकरच्या शिट्या मोजता मोजता. साचा हा शॉर्टकट आहे, द्वेष नाही. 'तारक मेहता का उल्टा चश्मा' २००८ पासून चालू आहे. भिडे मराठी मास्तर, अय्यर तमिळ शास्त्रज्ञ, सोढी पंजाबी मेकॅनिक, जेठालाल गुजराती दुकानदार. सगळे साचेच, पण टपली प्रत्येकाला बसते, म्हणून कुणाला टोचत नाही.

गोरेगाव पूर्व:
टपली सगळ्यांना, पण गोष्ट कुणाची? दुकान, घर, बापूजी, स्वप्नं हे सगळं जेठालालचं. भिडेच्या वाट्याला काटकसर आणि सोसायटीची नोटीस. मार्च २०२० मध्ये त्याच बापूजींच्या, म्हणजे चंपकलालच्या तोंडी 'मुंबईची भाषा हिंदी' असं आलं, गदारोळ झाला, निर्मात्यांना खुलासा करावा लागला. खुलासा झाला त्या एका वाक्याचा. चौकटीबद्दल कुणी विचारलंच नाही.

तळकोकणी:
हिंदीवाल्यांना बोलण्याआधी आपलं अंगण झाडूया का? मराठी वाहिन्यांवर कोकणी म्हणजे भुतं आणि गजाली, कोल्हापूरकर म्हणजे रांगडा पैलवान, आगरी म्हणजे सोन्याच्या साखळ्या आणि हळदीचा दणदणाट. भैयाला तर नावही नसतं. बोलीचं तर विचारूच नका. आगरी पात्र लिहायचं, तर 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' करून टाकतात; क्रियापदं मात्र सदाशिव पेठेतलीच राहतात. नागपूरचं 'बे' अकोल्याच्या माणसाला बिनदिक्कत चिकटवतात. माझी कसोटी अशी: पंचलाइन प्रमाण मराठीत लिहून बघा. तरीही हसू आलं तर तो विनोद. नाही आलं, तर नुसतं हेल काढून वेडावणं.

शेवटची रांग, शिवाजी मंदिर:
या कसोटीत पहिलं गारद होईल ते 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक. १९८० पासून लोक त्या मालवणीला हसतायत, आणि त्यातल्या शिव्यांची लय प्रमाण भाषेत आणली की जीवच जातो. पण तिथे नाटक बसवणारी गावची माणसंच गोष्टीची मालक आहेत. तेव्हा हेल बघू नका, सीनमधलं शेवटचं वाक्य कुणाला मिळतं ते बघा. साडी नेसलेल्या पुरुषाचंही तेच. तमाशातल्या गवळणीतली मावशी पुरुषच करतो, पण ती कृष्णाला अडवते, त्याला उलट उत्तर देते. टीव्हीवरच्या कॉमेडी शोच्या स्किटमधल्या 'बाई'ला उत्तरच नसतं. पदर सावरला की परीक्षकाच्या हसण्याचा शॉट लावतात. पंच कागदावर नसतो, एडिटमध्ये घातलेला असतो.

कलम सहा:
कुरकुरीपेक्षा तक्रार करा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सहावा नियम विशिष्ट वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांचं हेटाळणीचं, तुच्छतादर्शक चित्रण करायला मनाई करतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पहिली तक्रार वाहिनीकडेच द्यायची. २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय. पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे अपील, तिला ६० दिवस. तारीख, वेळ, भाग आणि नेमकं वाक्य लिहा. नुसतं 'भावना दुखावल्या' लिहिलंत तर उत्तरही तितकंच मोघम येणार.

पाट्याटाकू:
आणि त्यातून होतं काय? चॅनेल घाबरून पात्राचं आडनाव काढतं. नथ तशीच राहते, फक्त आता ती कुणाची ते सांगता येत नाही. त्यापेक्षा त्या बाईला कामाच्या अडचणी द्या: पाच घरं, एका घरी पाणी सातलाच जातं, दुसरीकडे सुट्टीचे पैसे कापतात. त्यातून सीन निघतात, हेल काढावा लागत नाही.

पार्लेकर:
मग देत का नाही? यात तुमची २२ मिनिटं कुठे आड येतात?

तळकोकणी:
मिनिटं नाही, क्रम आड येतो. बोली जाणणारा माणूस बोलावलाच तर सेटवर बोलावतात. तोवर संवाद पाठ झालेले, दिग्दर्शकाला शिफ्ट संपायच्या आत सीन उरकायचे. बोली जाणणाऱ्याला संवादांच्या पहिल्या वाचनाला बसवा. डबिंगला उच्चार थोडाफार सुधारता येतो, पण वाक्याची रचना बदलली की ओठ जुळत नाहीत.