मदत हवी आहे : दोन महिने पोटाला चिमटा, काटा जागचा हलेना

उकडीचा_मोदक :
भात बंद, साखर बंद, सणाचं गोडसुद्धा बंद. डब्यात दोन पोळ्या आणि भाजी. तरी दोन महिन्यांत अर्धा किलो वाढलं! ऑफिसात टेन्शन आहे, पण ते कुणाला नसतं? टेन्शनने वजन वाढतं का, एवढंच सांगा. व्यायामाला वेळ नाही, आधीच सांगते.

खिडकीची_सीट :
वय? उंची? झोप? थायरॉईड तपासलंय? काहीच लिहिलं नाहीत, पत्रिका मांडू का?

जिरेपाणी :
रोज अनशापोटी जिऱ्याचं पाणी. माझे सहा किलो उतरले. डॉक्टरबिक्टर काही लागत नाही.

अर्धी_गोळी :
जिरेपाणी, मागच्या धाग्यात हेच सहा किलो शिवाजी पार्कच्या फेऱ्यांनी उतरले होते.
मोदकताई, ताण लांबला की कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढं राहतं. भूक वाढते, तीही तळलेल्या-गोडाची, आणि चरबी पोटाभोवती बसते. झोप कमी पडली तर भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. पण न खाता हवेतून किलो येत नाहीत. अर्धा किलो तर पाळीच्या आधी अंगात पाणी धरलं तरी दिसतो. काटा ठेवा बाजूला, टेप घ्या. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंमीच्या आत हवी, पुरुषांची ९०.

जिरेपाणी :
फेऱ्या *आणि* जिरं. नीट वाचा.

उकडीचा_मोदक :
वय ४२, उंची ५ फूट १ इंच, वजन ६८. थायरॉईड जानेवारीत नॉर्मल. बदलापूर ते सीएसएमटी, म्हणून पाचला उठते. झोपायला साडेबारा. सासूबाईंना बाथरूमला न्यायला मध्ये दोनदा उठावं लागतं. हेही लिहायचं असतं का?

खिडकीची_सीट :
अहो, हेच तर लिहायचं असतं! साडेचार तास, तेही तुकड्यातुकड्यात. भात खा खुशाल, पण आठवड्यातल्या तीन रात्री नवऱ्याकडे द्या.

हाडकुळा_बंड्या :
माझं वजन वाढतच नाही. ५२ वर अडकलंय. रात्री दूध-केळं चालेल का?

जिरेपाणी :
बदलापूरहून बसायला मिळतं का हो? आम्ही तिकडे फ्लॅट बघतोय.

खिडकीची_सीट :
मिळालीच जागा तर उठायची सोय नाही. बंड्या, वेगळा धागा काढ.

अर्धी_गोळी :
ताई, रात्री उठता तेव्हा काही खाता?

उकडीचा_मोदक :
छे. नुसता चहा, बिनसाखरेचा. सोबत खारी असते, पण ती मी खाण्यात धरत नाही. किती ते विचारू नका, पाकीट ओट्यावरच असतं. सगळं घर झोपलेलं असतं, कुणी हाक मारत नाही. तेवढी दहा मिनिटं माझी.

अर्धी_गोळी :
चहा राहू दे. पाकीट तेवढं माळ्यावर टाका.