उरलेली रजा 'बुडते' की बुडवली जाते?

खातेवही:
'चौघांचा मालक' यांनी काल लिहिलं की रजा ही मालकाने दिलेली सवलत आहे, वर्ष संपताना उरली तर बुडते, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही. वाचून इतका संताप आला की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

अकरा वर्षं मी पगारपत्रकं केली. रजा आळसापोटी उरत नाही. माणूस अर्ज देतो, साहेब म्हणतात "एवढं क्लोजिंग होऊ दे". मग ऑडिट येतं, मग कुणीतरी नोकरी सोडतं, आणि डिसेंबरात त्याच्या खात्यावर चौदा दिवस तसेच पडलेले असतात. ते शून्य करण्याचं काम माझ्याकडे होतं. दरवर्षी हात जड व्हायचा.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की रजा आपोआप बुडत नाही. ती घ्यायची खरी संधी दिली आणि न घेतल्यास बुडेल हे वेळेवर कळवलं, हे मालकाने सिद्ध करायचं. जपानात तर एप्रिल 2019 पासून ज्याला दहा किंवा त्याहून जास्त दिवसांची रजा मिळते, त्याने वर्षात किमान पाच दिवस ती घेतलीच पाहिजे हे बघणं मालकावर बंधनकारक आहे. नाहीतर एका माणसामागे 3 लाख येनपर्यंत दंड.

चौघांचा_मालक:
ताई, युरोप-जपान सांगायला सोपं आहे. माझ्याकडे चार माणसं. एक गेला की पाव कामकाज बंद. गेल्या सात वर्षांत मी स्वतः सलग चार दिवस सुट्टी घेतलेली नाही. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने भरपगारी वार्षिक रजेचा एक दिवसही मिळत नाही. 1993 च्या कायद्याने आजारपण-बाळंतपणासारख्या कारणांसाठी 12 आठवडे दिले, पण बिनपगारी, आणि खाजगी क्षेत्रात 50 किंवा जास्त माणसं असलेल्या मालकांनाच तो लागू. तिथले उद्योग बंद पडले का?

दुपारपाळी:
बुडण्याचं नंतर बघू, आधी सँडविचचं बोला, म्हणजे दोन रजांच्या मधल्या सुट्ट्याही रजेत धरतात त्याचं. माझे वडील अतिदक्षता विभागात होते. शुक्रवार आणि सोमवार अशी दोन दिवस रजा टाकली. पगार हातात आला तर चार दिवस कापलेले. शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं, तेही माझ्या रजेत! विचारलं तर "पॉलिसी आहे". वडील गेले त्या महिन्याची ती पगारचिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे.

चौघांचा_मालक:
वाईट वाटलं. पण सँडविच नसेल तर दर पंधरवड्याला कुणी ना कुणी शुक्रवार-सोमवार टाकतंच. मी अनुभवलंय.

दुपारपाळी:
म्हणजे माझे वडील आणि तुमच्याकडचे दांडीबहाद्दर एकाच तागडीत?

चौघांचा_मालक:
मी तसं म्हटलेलं नाही. वैयक्तिक होऊ नका.

दुपारपाळी:
पगार माझा कापला गेला. ते वैयक्तिकच आहे.

खातेवही:
सँडविचवाल्यांनी 1948 च्या कारखाने अधिनियमाचं कलम 79 वाचावं. त्यात साफ लिहिलेलं होतं की मिळणाऱ्या रजेत सुट्ट्या धरायच्या नाहीत, मग त्या रजेच्या मध्ये येवोत की अलीकडे-पलीकडे. प्रौढ कामगाराला वीस दिवस कामामागे एक दिवस. उरलेली रजा पुढे न्यायला तीस दिवसांची मर्यादा. पण रीतसर अर्ज करूनही नाकारली गेलेली रजा कितीही पुढे नेता यायची. सत्तरेक वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना 'उरलेली' आणि 'नाकारलेली' यातला फरक कळत होता. माझ्या साहेबांना तो अकरा वर्षांत कळला नाही.

कलमबहाद्दर:
ते कारखान्यांपुरतं होतं हे लिहायचं राहिलं. दुकानं आणि कार्यालयं वेगळ्या कायद्यात येतात, राज्याराज्याचे आकडे निराळे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1970 चा 132 क्रमांकाचा करारही कुणीतरी आणेलच, म्हणून आधीच सांगतो. त्यात वर्षाला किमान तीन आठवडे आहेत, सार्वजनिक सुट्ट्या त्यात मोजायच्या नाहीत असंही आहे. पण भारताने तो स्वीकारलेला नाही, अमेरिकेनेही नाही.

तरी मालकांनी तो एकदा वाचावा. रजेच्या तारखा कर्मचाऱ्याशी बोलून मालकाने ठरवायच्या, कामाची गरज आणि विश्रांतीची संधी दोन्ही बघून, असं त्यात आहे. म्हणजे चार माणसांचा मालक अगदीच हतबल नाही. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बसलं तर डिसेंबरात चौघे एकदम रजा मागत नाहीत.

निवांतपणा:
अवांतर: रजेवर असताना येणाऱ्या फोनचं काय? 'फक्त पाच मिनिटं' करत माझे सहापैकी तीन दिवस गेले. हे दिवस परत कुठे मागायचे?

दुपारपाळी:
वेगळा धागा काढा. इथे सँडविच चाललंय.

खातेवही:
धागा माझा आहे आणि तो बुडणाऱ्या रजेचा आहे. सँडविचवर मी तुमच्याच बाजूने लिहिलंय, तरी आवाज चढवता.

दुपारपाळी:
चढला असेल. कलम शोधून दिलंत त्याबद्दल आभार. आमच्या एचआरला पाठवतो, आम्ही कारखान्यात नसलो तरी.

चौघांचा_मालक:
रात्री रजेची वही काढली. माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या मुलीचे गेल्या वर्षी नऊ दिवस बुडाले. तिने तीनदा मागितले होते, तिन्ही वेळा "पुढच्या महिन्यात" असं मीच लिहिलंय, अक्षर माझंच आहे. ते नऊ दिवस तिच्या खात्यावर परत टाकतो. 'सवलत' हा शब्दही मागे घेतो.

सँडविच मात्र काढणार नाही.

दुपारपाळी:
आणि उद्या त्याच मुलीचे वडील शुक्रवारी दवाखान्यात गेले तर?

चौघांचा_मालक:
तर तिचे शनिवार-रविवार मोजणार नाही.

दुपारपाळी:
हे लिहून ठेवा. त्याच वहीत.