घर रिकामं करताना: वडिलोपार्जित वस्तूंचं काय करायचं? (अनुभव धागा)

वाडा बिल्डरकडे जातो किंवा आई-वडिलांच्या मागे घर आवरायची वेळ येते. माळ्यावरून पितळ उतरतं, मग ट्रंका, मग देव्हाऱ्यामागचे कागद. हाताशी चारच दिवस असतात आणि जे जायला नको ते त्या घाईत मोडीत जातं. ज्यांचा या वस्तूंशी रोजचा संबंध आहे त्यांनी इथे लिहावं ही विनंती. घरच्या आठवणी नकोत. वस्तू पारखायची कशी, बिघडते कशाने, ठेवायची की द्यायची, तेवढं नेमकं लिहा.

यादी आणि वाटणी

पहिला दिवस फक्त नोंदीचा ठेवा. वस्तूला दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधा, चिकटपट्टी लावू नका. वहीत रकाने चारच: क्रमांक, वस्तू, कुठे सापडली, वजन. शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा. प्रत्येक भावंडाने आपल्याला हव्या तीन वस्तू दुसऱ्याला न दाखवता लिहाव्यात. एकाच वस्तूवर दोन नावं आली तरच चिठ्ठ्या टाकाव्यात. बहुतेक वेळा तशी वेळ फार थोड्या वस्तूंवर येते.

वाटणी होईपर्यंत काहीही घासू, धुवू, उजळवू नये. सफाईत नावं, शिक्के, खुणा पुसल्या जातात आणि मग ही वस्तू कोणाकडून आली हे सांगणारं काही उरत नाही.

तांबं-पितळ

वरचा शेवटचा मुद्दा भांड्यांना सगळ्यात जास्त लागू. हंडा, घंगाळ, तपेलं, परात, काहीही असो, काठाखाली आणि बुडावर बोट फिरवून बघा. ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव लागतं. लग्नात आहेर देणाऱ्याचं नाव, गाव आणि पुष्कळदा शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तारखेला ७९). शके १८५६ म्हणजे १९३४-३५. अक्षरं झिजली असतील तर पातळ कागद वर धरून मऊ पेन्सिल आडवी घासा, नाव कागदावर उमटतं. असं भांडं चिंच-मिठाने हलकं पुसावं, बफिंगच्या चाकावर देऊ नये. दोन-तीन वेळा चाकावर गेलं की ठिपके सपाट होतात.

वापरायचं असेल तर आतून कल्हई हवीच. पितळेत किंवा तांब्यात ताक, कढी, आमटी कळकते आणि पोटाला बाधते. कल्हईवाला आधी भांडं आतून घासून घेतो, भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकतो, कथलाची (टिन धातूची) कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील सगळीकडे फिरवतो. कथील शुद्ध आहे का हे विचारा. त्यात शिसं असेल तर स्वयंपाकाला ते घातक. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की बारीक करकर ऐकू येते.

नंतर बिघडतं ते घरी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून रिकामं भांडं गॅसवर ठेवून विसरलं की कल्हईचे थेंब होऊन बुडाशी जमतात. फोडणी त्यात करू नका, तारेची घासणी लावू नका. आतून पिवळं किंवा तांबूस दिसू लागलं की पुन्हा कल्हई.

पोचा काढता येतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम करणारे कारागीर आहेत. हातोडीच्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि चकाकतोही. चीर असेल तर डाक (वितळलेल्या धातूचा जोड) लागेल, मग ते भांडं पाण्यापुरतं किंवा शोभेपुरतं धरा. बंबाला भोक पाडून दिवा करून घेण्याची हल्ली हौस आहे. कृपा करून करू नका. तो बंब पुन्हा कधी बंब होत नाही.

मोडीत द्यायचंच तर घरी वजन करून, तांबं आणि पितळ वेगळं करून द्या. लोखंडी कड्या आणि बूड आधी काढा, नाहीतर त्यांच्या नावाखाली अंदाजाने वजन कापलं जातं.

पैठणी, शालू, जुनी लुगडी

जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. म्हणूनच दारावर ‘जुनी जरीची लुगडी’ घेणारे येतात. ते काठ-पदर जाळून चांदी काढतात आणि पैसे त्या चांदीचेच देतात. विणकामाची किंमत त्यात शून्य. काठावर हिरवट झाक असेल तर तार बहुधा तांब्याची. तसं लुगडं जाळूनही हाती फारसं काही येत नाही.

रेशीम घडीवर तुटतं. तीच घडी वर्षानुवर्षं राहिली की धागे कोरडे होऊन नेमके त्या रेषेवर चिरतात. साडी मऊ, धुवट सुती कापडात गुंडाळा, दर तीन-चार महिन्यांनी उलगडून घडीची जागा बदला. प्लॅस्टिकची पिशवी नको, हँगर नको. डांबरगोळी आणि अत्तर जरीला लागू देऊ नका, जर काळवंडते. वेखंडाची पुरचुंडी ठेवा, पण कापडाला न टेकवता.

चिरलेल्या जागी रफू करू नका. रफूचा ताण शेजारच्या जीर्ण धाग्यांवर येतो आणि दुसरी चीर पडते. मागून तलम रेशमाचं अस्तर लावून विरळ टाके घाला. अंग गेलं आणि पदर धड असेल तर पदर वेगळा काढून फ्रेम करता येतो. सुती कापड चढवलेल्या पाटीवर तो शिवून घ्यावा, डिंकाने चिकटवू नये. काच कापडाला टेकता कामा नये आणि भिंत उन्हाची नको.

सुती नऊवारींची गोधडी हा उत्तम मार्ग आहे. मऊ झालेलं लुगडं आत, काठ बाहेर. प्रत्येक भावंडाच्या वाट्याला काहीतरी येतं.

दागिने

पाटल्या, तोडे पुष्कळदा आतून लाखेचे. समजा ४० ग्रॅमची जोडी आहे आणि लाख १२ ग्रॅम निघाली. उरलं २८. कस २० कॅरट आला तर शुद्ध सोनं सुमारे २३.३ ग्रॅम. वजन तीनदा समोर करून घ्या: आल्याबरोबर, लाख काढल्यावर, वितळल्यावर. कॅरट मोजणारं यंत्र वरचाच थर वाचतं आणि डाक दिलेल्या जागी कस कमी दाखवतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी लावायला सांगा. हॉलमार्कची सक्ती सराफाने विकायच्या दागिन्याला आहे, घरातल्या जुन्याला नाही. ‘हॉलमार्क नाही म्हणून भाव कमी’ हे ऐकून घेऊ नका, कस लावून मागा.

जुनी नथ मात्र मोडू नये. मोती बसऱ्याचे असतील तर सोन्यापेक्षा तेच मोलाचे, आणि मोडीत त्यांना कुणी विचारत नाही. साबणाच्या पाण्यात बुडवू नका. मऊ ओल्या कापडाने पुसा आणि तार झिजली असेल तर तेवढी बदला.

विक्री करणार असाल तर कराचा एक मुद्दा. नफा काढताना वारशाने आलेल्या सोन्याला मूळ मालकाची खरेदीची किंमत धरतात. ती १ एप्रिल २००१च्या आधीची असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो. नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला आधीच घेऊन ठेवा.

देव, टाक, शिंगं

कुळाचार जो चालवणार त्याच्याकडे देव. बाकीच्यांनी सोनाराकडून नवे टाक (देवाची प्रतिमा उठवलेले धातूचे पत्रे) घडवून घ्यावेत. झिजलेला टाकही असाच नवा करतात.

परदेशी नेणाऱ्यांसाठी: शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२च्या पुरावशेष कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती तितकी जुनी नसेल तर पुरातत्त्व खात्याचा तसा दाखला प्रवासाआधी घ्या. विमानतळावर नुसतं सांगून भागत नाही.

दिवाणखान्यातली सांबरशिंगं, वाघनखाचं लॉकेट, हस्तिदंती डबी विकता येत नाहीत. वारशाने आली तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते. आजोबांच्या नावाचा मालकीचा दाखला कागदांत शोधा.

कागद आणि फोटो

कागदांचा रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) सोडताना गाठ उघडण्याआधी फोटो घ्या. आतला क्रम बदलू नका, कारण कुठला कागद कशाला जोडून होता हे त्या क्रमावरूनच कळतं. मोडी लिपी वाचता येत नाही म्हणून टाकू नका, वाचणारे मिळतात. पाठकोरी बाजूसुद्धा टिपा, तिथे कधी एका ओळीत मजकुराचा गोषवारा असतो. टाचण्या गंजतात, त्या काढा. लॅमिनेशन नको. प्लॅस्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर सोडवता येत नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून अशी दप्तरं जपतं आहे. कागद कुठल्याही संस्थेला द्याल तेव्हा पानं मोजून पोच घ्या आणि स्कॅन स्वतःजवळ ठेवा.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा, ६०० डीपीआयला. नावं मागे लिहिताना मऊ पेन्सिल वापरा, दाब न देता, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो. आणि हे काम घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवून करा, डावीकडून उजवीकडे, एकेक नाव विचारत.