दोन पेडल्सपैकी एका वेळी एकच लागेल असा फूटस्विच घरी कसा जोडावा?

प्रश्न : खानापूर

नमस्कार. लग्नसमारंभांत आणि गणेशोत्सवात कार्यक्रम करणाऱ्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. माझ्याकडे गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची दोन पेडल्स आहेत : एक कोरसचे (आवाज भरीव, अनेक गिटारींसारखा करणारे) आणि एक डिस्टॉर्शनचे (आवाज खरखरीत करणारे). भावगीताला कोरस हवा असतो आणि लगेच पुढच्या गाण्याला डिस्टॉर्शन. अशा वेळी दोनदा पाय मारावा लागतो आणि घाईत कधी दोन्ही चालू राहतात, तर कधी दोन्ही बंद. एकदा दाबले की एक जाऊन दुसरे यावे, एवढेच मला हवे आहे. वायरिंग करणाऱ्या मित्राचे म्हणणे असे की जिन्याला लावतात तो टू-वे स्विच यासाठी पुरेल. ते बरोबर आहे का? सोल्डरिंग मला जमते, पण सर्किटची आकृती नीट वाचता येत नाही, म्हणून कृपया शब्दांतच सांगावे.

उत्तर : टिळकवाडी, बेळगाव

आपल्या मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. टू-वे स्विच गिटारचा सिग्नल या किंवा त्या पेडलकडे पाठवील, परंतु दोन्ही पेडल्सची आउटपुट पुढे एकमेकांना जोडलेलीच राहतील. मग जे पेडल वापरात नाही ते दुसऱ्याचा सिग्नल थोडा दाबून टाकते आणि डिस्टॉर्शनची खरखर कोरसच्या वेळीही ऐकू येते. तेव्हा इनपुट आणि आउटपुट ही दोन्ही टोके एकाच दाबात बदलली पाहिजेत. तयार मिळणारे बरेचसे ए-बी बॉक्स एका गिटारसाठी दोनपैकी एक अँप्लिफायर निवडण्यासाठी असतात, म्हणजे तेही एकच टोक बदलतात. ते घेऊन आपले काम होणार नाही.

दुकानात थ्री-पी-डी-टी फूटस्विच मागावा. त्याला नऊ पाय असतात, तीन-तीनच्या तीन रांगा, आणि प्रत्येक रांगेतला मधला पाय एका वेळी शेजारच्या एकाच टोकाला जोडलेला असतो. तो लॅचिंग, म्हणजे दाबून सोडल्यावर त्याच स्थितीत राहणारा आहे याची खात्री करावी. घंटीच्या बटणासारखा पाय उचलताच परत येणारा इथे निरुपयोगी. रांगा कोणत्या दिशेने धरायच्या हे डोळ्यांनी ठरवू नये, मल्टिमीटरच्या बीपवरून ठरवावे.

जॅक एकूण सहा लागतील, सगळे ६.३५ मिमीचे मोनो : गिटारचा, अँप्लिफायरचा आणि प्रत्येक पेडलसाठी जाण्याचा व येण्याचा. सहाही जॅकचे ग्राउंड (सिग्नलचे सामाईक ऋण टोक) एका तारेने एकत्र जोडावे. पहिल्या रांगेच्या मधल्या पायाला गिटार जोडावी. तिच्या एका टोकाला कोरसचे इनपुट आणि दुसऱ्या टोकाला डिस्टॉर्शनचे. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर अँप्लिफायर, आणि टोकांना त्याच क्रमाने दोन्ही पेडल्सची आउटपुट. दोन्ही पेडल्स कायम चालू ठेवावीत, निवड हा स्विच आणि जॅक बसवलेला डबा करील.

तिसरी रांग दिव्यांसाठी. मधला पाय ग्राउंडला आणि टोकांना दोन एलईडींचे आखूड पाय जोडावेत. लांब पाय एकत्र करून ४.७ किलोओह्मच्या एकाच रेझिस्टरमधून ९ व्होल्टच्या धन टोकाला न्यावेत. एका वेळी एकच दिवा लागतो, त्यामुळे रेझिस्टर एक पुरतो, आणि प्रवाह जेमतेम दीड मिलिअँपिअर असतो. पेडलच्या नेहमीच्या ॲडॅप्टरमध्ये ऋण टोक मध्यभागी आणि धन टोक बाहेरच्या कड्यावर असते. ॲडॅप्टरचा सॉकेट धातूच्या अंगाचा घेतला, तर तेच धन टोक ग्राउंड असलेल्या डब्याला टेकून शॉर्ट होते. म्हणून हा सॉकेट प्लास्टिकचाच घ्यावा.

उत्तर : निपाणी

वरची जोडणी योग्य आहे, पण एक उणीव राहते. वापरात नसलेल्या डिस्टॉर्शनचे इनपुट लोंबकळत राहते आणि जास्त गेनवर (सिग्नल खूप वाढवलेला असताना) त्याचा गुणगुणाट स्विचच्या जवळजवळच्या पायांमधून कोरसमध्ये झिरपू शकतो. मी असतो तर दिवे सोडून दिले असते आणि तिसऱ्या रांगेने बंद पेडलचे इनपुट ग्राउंड केले असते. मधला पाय ग्राउंडला, आणि टोके मात्र उलट : कोरसच्या बाजूच्या पायाला डिस्टॉर्शनच्या इनपुटची तार, डिस्टॉर्शनच्या बाजूला कोरसची. दिवे नसले की बॉक्सला वीजही लागत नाही, हा आणखी एक फायदा.

प्रश्नकर्ता : खानापूर

दोघांचेही आभार. मंडपात अंधार असतो, त्यामुळे दिवे सोडवत नाहीत. दोन्ही सोयी एकत्र होतील का? शिवाय, दाबताना स्पीकरमधून ‘टक्’ आवाज येईल का, आणि डबा कोणता घ्यावा?

उत्तर : टिळकवाडी, बेळगाव

निपाणीकरांचा मुद्दा मला मान्य आहे. दोन्ही सोयी हव्या असतील तर बारा पायांचा फोर-पी-डी-टी फूटस्विच घ्यावा आणि चौथ्या रांगेत त्यांनी सांगितलेली उलटी जोडणी करावी. फक्त त्याचे पाय फार जवळजवळ असतात, म्हणून बारीक टोकाची सोल्डरिंग गन वापरावी आणि एका पायावर फार वेळ टेकवू नये. आतले प्लास्टिक वितळले की स्विच अडकतो.

‘टक्’ आवाज कमी करण्यासाठी पेडल्सच्या चारही जॅकच्या सिग्नलच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत २.२ मेगोह्मचा एकेक रेझिस्टर लावावा. त्याने पेडल्सच्या कपॅसिटरमधून झिरपून साठणारा विद्युतदाब निघून जातो. यांत्रिक स्विचचा थोडा आवाज तरीही राहील, पण गाणे चालू असताना तो जाणवत नाही.

डबा ॲल्युमिनियमचाच असावा, प्लास्टिकच्या डब्यात बाहेरची घरघर शिरते. साधारण १२० बाय ९५ मिमीचा डाय-कास्ट डबा सहा जॅकना पुरतो. फूटस्विचला १२ मिमीचे भोक लागते. जॅकचा आटा मोजून मगच त्याची भोके पाडावीत. घरच्या ड्रिलने १२ मिमीचे भोक वेडेवाकडे होते, तेवढे उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमधून पाडून आणावे. केबल्स मात्र आखूड ठेवाव्यात, कारण या बॉक्समध्ये बफर (लांब तारेतही सिग्नल टिकवणारे सर्किट) नाही आणि गिटारपासून पेडलपर्यंतची तार जितकी लांब, तितके वरचे सूर बोथट होतात.