मदत हवी आहे: मावशीला आलेलं परदेशातलं स्थळ खरं असेल का?

मावशी ५४ वर्षांची, काका जाऊन सहा वर्षं झाली. आम्हीच मागे लागून तिचं नाव एका विवाहस्थळांच्या साइटवर घातलं. आठवड्याभरात एकाचा मेसेज आला. विधुर, मूळचा साताऱ्याचा, स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला राहतो, उत्तर समुद्रात तेलाच्या रिगवर इंजिनिअर. दुसऱ्याच दिवशी "इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू". तिसऱ्या आठवड्यात "तूच माझी बायको".

अजून एक रुपया मागितलेला नाही, त्यामुळे मावशीला माझा संशय म्हणजे खोडसाळपणा वाटतो. पण मला त्याचं मराठी खटकतंय. तिने कौतुकाने दाखवलेला मेसेज जसाच्या तसा: "तुम्ही तुमचे रात्रीचे जेवण खाल्ले आहे का, प्रिये?" साताऱ्याचा माणूस कितीही वर्षं बाहेर राहिला तरी "जेवलीस का?" एवढंच विचारेल ना?

रोज सकाळी सहाला गुड मॉर्निंग, तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. नाइट शिफ्ट म्हणे. तेही एक वेळ मान्य. पण व्हिडिओ कॉलला रिगवर नेटवर्क नाही आणि फोटो मात्र धडाधड येतात. ते फोटो गूगल लेन्सवर टाकून पाहिले, दुसरीकडे कुठे सापडले नाहीत. म्हणजे माणूस खरा समजायचा का? काल त्याने वाढदिवसाची भेट पाठवायला घरचा पत्ता मागितलाय. मावशीला न दुखावता कसं थांबवू?

वांगीभरीत:
लेन्सवर सापडला नाही म्हणजे खरा, असं नाही. खाजगी अकाउंटवरून उचललेले किंवा एआयने बनवलेले फोटो तिथे येत नाहीत.
पत्ता देऊ नका, ती भेट हीच पैशांची वाट. आमच्या ओळखीत झालंय: 'दिल्ली एअरपोर्ट कस्टम्स'मधून बाईचा फोन, पार्सलमध्ये पाउंड सापडलेत, ३५ हजार भरा. भरले की दंड, मग कसलंसं सर्टिफिकेट. खातं कुणा भलत्याच्याच नावाचं. कस्टम्सवाले असे कुणाच्या खात्यात पैसे मागत नाहीत. नोव्हेंबर २०१९ पासून त्यांच्या पत्रावर डीआयएन म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, सीबीआयसीच्या (कस्टम्सच्या केंद्रीय मंडळाच्या) साइटवर तपासता येतो. चुकून पैसे गेलेच तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पुढे वळते व्हायच्या आत अडवता येतात.

जुनी_खोड:
मावशींशी वाद घालू नका. आपल्याकडे स्थळ म्हटलं की घर बघतातच. त्यांनाच विचारू दे, "साताऱ्यात घर कुठल्या पेठेत? भाचा येऊन भेटून जाईल."

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. रात्री मावशीने स्वतःच विचारलं. पाच मिनिटांत उत्तर आलं: "आमचे घर बाजारपेठेत नाही, प्रिये. ते खूप शांत आहे."
मावशीने दोनदा वाचलं आणि फोन पालथा ठेवला. पत्ता दिलेला नाही. आज सकाळचं गुड मॉर्निंगही तिने अजून उघडलेलं नाही.