मदत हवी आहे: सगळं माझ्याच पद्धतीने व्हायला हवं, या स्वभावावर ऑनलाइन थेरपिस्ट कसा शोधू?

निळीशाई

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. आज नवीन आयडी काढून लिहिते आहे, कारण जुन्या आयडीला ओळखणारे इथे आहेत.

मला स्वतःसाठी ऑनलाइन थेरपिस्ट हवा आहे. अडचण अशी की माझ्या त्रासाला सरळ नाव नाही. नैराश्य, पॅनिक, झोप अशा खान्यांमध्ये शोधता येतं, पण 'हिला सगळं हिच्याच पद्धतीने लागतं' या तक्रारीसाठी कुठे बघायचं?

ऑफिसात हाताखालच्या लोकांना काम देते आणि रात्री तेच उघडून पुन्हा लिहून काढते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलमध्ये मी सीसीत असलेच पाहिजे. नवऱ्याने भरलेली बॅग उपसून परत भरते. मुलगी सोळा वर्षांची आहे, तिच्या फोनचं लोकेशन दिवसातून किती वेळा बघते ते इथेही लिहवत नाही. मध्यंतरी तिने ते बंद करून टाकलं, तेव्हा ती घरी येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. परवा सुट्टीत कुठे जायचं यावर बोलणं चाललं होतं, तर नवरा म्हणाला, "तुझं ठरलंय ना? मग विचारू नकोस, नुसतं सांग." चिडून म्हणाला असता तर मी भांडले असते. तो मोबाइल बघत, अगदी सहज म्हणाला.

यात मला अधिकार गाजवायची हौस आहे असं खरंच नाही. काहीतरी निसटेल आणि मग ते मलाच निस्तरावं लागेल, ही धाकधूक सतत असते. एकदा तपासलं की जरा बरं वाटतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

मागे एका ॲपवरून थेरपी घेऊन पाहिली. समोरच्या बाई प्रेमळ होत्या. ऐकून घ्यायच्या, श्वासाचे व्यायाम द्यायच्या. मी ते वेळापत्रक लावून, टिकमार्क करून केले. सत्राच्या आदल्या दिवशी विषयांची यादी पाठवायचे आणि त्या यादीप्रमाणे चालायच्या. म्हणजे थेरपीही मीच चालवत होते! सोडून दिली.

ऑनलाइनच हवं, कारण नोकरी फिरतीची आहे आणि दर आठवड्याला एकाच गावात असण्याची खात्री नाही. सध्या माझ्याकडे थेरपिस्टांची एक एक्सेल शीट आहे: शिक्षण, अनुभव, पद्धत, भाषा, रेटिंग. शीट वाढते आहे, फोन एकालाही केलेला नाही. (हसा, मलाही कळतंय.)

तर मानसोपचारतज्ज्ञ बघू, सायकॉलॉजिस्ट की काउन्सेलर? यावर काम करणारा माणूस ओळखायचा कसा? आणि स्क्रीनवरून हे होण्यासारखं आहे का? अनुभव असेल तर सांगा. "थोडं सोडून द्यायला शिक" हा सल्ला कृपया नको, तो घरी रोज मिळतो.

खटपट्या

शीटमध्ये रेटिंगचा रकाना आहे तो आधी उडवा. थेरपीचे क्लायंट हॉटेलसारखे रिव्ह्यू लिहीत नाहीत, लिहितात त्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

दूरचादिवा

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. निदान इथे करणार नाही, इतरांनीही करू नये ही विनंती. पण शोधायचं कुठे ते सांगू शकते.

'कंट्रोल' नावाचं निदान नसतं. एकच वागणं वेगवेगळ्या मुळांतून येऊ शकतं. कोणाच्या बाबतीत मूळ सततच्या चिंतेत असतं आणि अनिश्चितता सहन न होणं हा त्याचा गाभा असतो. कोणाला ओसीडी असतो, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येतात आणि ते शमवायला तीच ती कृती करावीशी वाटते. कोणी लहानपणी अशा घरात वाढलेलं असतं जिथे पुढच्या तासाला काय होईल याचा भरवसा नव्हता, तिथे सावध राहणं ही गरजच होती. आणि एक प्रकार ओसीपीडीचा, म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह पर्सनॅलिटी डिसऑर्डरचा. ओसीडीशी नाव जुळतं म्हणून लोक गल्लत करतात. ओसीडीत माणसाला स्वतःचे विचार बहुधा नकोसे आणि परके वाटतात. ओसीपीडीत आपली पद्धत बरोबरच वाटते आणि त्रास होतो तो इतरांच्या ढिलाईचा. डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत, त्याचे आठ निकष आहेत, त्यातले किमान चार लागतात. समोरचा आपल्याच पद्धतीने करणार नसेल तर काम सोपवायचं नाही, हा त्यातला एक. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तर हे वेगळं नावच राहिलेलं नाही. तिथे आधी तीव्रता बघतात, मग स्वभावाची वैशिष्ट्यं. त्यामुळे एका निकषात स्वतःला ओळखून घाबरायचं कारण नाही.

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, औषधं तेच देऊ शकतात. झोप उडाली आहे, मन सतत खिन्न आहे, किंवा हा स्वभाव अलीकडेच एकदम बदलून असा झाला आहे, यांपैकी काही असेल तर आधी त्यांच्याकडे जा. नाहीतर बोलून करायच्या उपचारांचं नीट प्रशिक्षण घेतलेल्या सायकॉलॉजिस्टपासून सुरुवात करा. नोंदणी मात्र स्वतः तपासा. बऱ्याच देशांत 'थेरपिस्ट' किंवा 'काउन्सेलर' ही पाटी कोणीही लावू शकतो. ब्रिटनमध्ये 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' या पदनामाला कायद्याचं संरक्षण आहे, 'काउन्सेलर'ला नाही. तुमची फिरती देशाबाहेरही होत असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा. अनेक ठिकाणी परवाना क्लायंट जिथे बसला आहे तिथला लागतो.

पद्धतींची नावं शोधताना उपयोगी पडतात म्हणून देते. सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी तपासून बदलणं, सगळ्यांना माहीत आहे, ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेली. तपासण्याची सक्ती वाटत असेल तर ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि तपासायचं नाही. एसीटीमध्ये अस्वस्थता घालवण्याचा आग्रह सोडून तिच्यासकट हवं तसं जगायला शिकवतात. स्वतःवरच्या अति-नियंत्रणासाठी थॉमस लिंच यांनी विकसित केलेली आरओ-डीबीटी आहे, पण तिचं प्रशिक्षण घेतलेले लोक सगळीकडे मिळत नाहीत, त्यासाठी अडून बसू नका.

ओळखण्यासाठी दोन प्रश्न विचारा. पहिला: "तपासणं आणि काम न सोपवणं यावर तुम्ही सत्रात नेमकं काय करता?" चांगलं उत्तर ठोस असतं. तपासायची उबळ कधी येते, आधी मनात काय येतं, नंतर किती वेळ बरं वाटतं हे नोंदवू, मग छोटे प्रयोग करू, असं काहीतरी. "आत्मविश्वास वाढवू, सकारात्मक राहू" एवढंच ऐकू आलं तर आभार मानून फोन ठेवा. दुसरा प्रश्न तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा: "सत्राची सूत्रं मी हातात घेऊ लागले तर तुम्ही काय कराल?" ते मोकळेपणाने बोलून दाखवेन म्हणणारा माणूस निवडा. यादी पाठवण्यात वाईट काही नव्हतं, पण ती का पाठवावीशी वाटते हे त्या बाईंनी विचारायला हवं होतं.

तिरपीरेघ

वरच्या प्रतिसादाला +१. मी या वाटेने गेलो आहे, पुरुष आहे, ऑनलाइनच केलं.

प्रयोग म्हणजे काय ते सांगतो, कारण मला आधी तो शब्द पोकळ वाटला होता. टीममधल्या एकाचा रिपोर्ट न वाचता पुढे जाऊ द्यायचा होता. त्याआधी लिहून काढायचं: काय बिघडेल, त्याची शक्यता किती टक्के, आणि बिघडलंच तर निस्तरायला किती वेळ लागेल. मग दोन दिवसांनी तोच कागद काढून प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी लिहायचं. रिपोर्टमध्ये चूक निघाली. समोरच्याने फोन केला, त्या मुलाने दुरुस्त करून पाठवला, मला कळलंसुद्धा नंतर. सगळं सुरळीत झालं असतं तर मी म्हणालो असतो की या वेळी नशीब. माझ्याशिवाय चूक निस्तरली गेली, हे मात्र मला झटकून टाकता येईना.

चढती पायरी मात्र थेरपिस्टबरोबर ठरवा. सुरुवात बॅगेपासून करा, मुलीच्या लोकेशनपासून नको.

आणि हो, व्हिडिओवर स्वतःची चौकट लपवायची सोय असते, ती वापरा. मी अर्धं सत्र स्वतःचा चेहरा नीट दिसतोय ना हेच बघत होतो.

अबोली२

थोडं कडू लिहिते, माफ करा. मी अशा आईची मुलगी आहे.

धागाकर्तीने स्वतःच्या धाकधुकीबद्दल सविस्तर लिहिलं आहे, पण घरातले दोघं तुम्हाला घाबरतात का, हे कुठे आलेलं नाही. तुमचा हेतू काय आहे, यापेक्षा तुमच्या मुलीला साधी गोष्ट सांगताना खोटं बोलावं लागतं का, हे विचारा. माझ्या आईलाही चिंताच होती. मला ती कधी चिंता वाटलीच नाही.

दूरचादिवा

अबोली२, बरं झालं लिहिलंत. हा मुद्दा थेरपिस्ट निवडतानाही लागू होतो. पैसे, फोन, मित्रमैत्रिणी, येणंजाणं यांवर एकाचा ताबा असेल आणि दुसरा भीतीपोटी गप्प बसत असेल, तर ते निव्वळ चिंतेचं प्रकरण राहत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये जोडीदारावरचा किंवा कुटुंबातला असा सततचा ताबा २०१५च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. भीती असलेल्या नात्यात दोघांना एकत्र बसवून सुरुवात करत नाहीत, कारण घाबरलेला माणूस तिथे खरं बोलत नाही आणि बोललाच तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजतो. म्हणून पहिली काही सत्रं एकटीनेच घ्या, आणि हे सगळं थेरपिस्टला गाळागाळ न करता सांगा.

निळीशाई

अबोली२, राग नाही आला. खरं म्हणजे आला, मग गेला.

मुलगी खोटं बोलते. लहानसहान बाबतीत. मैत्रिणीकडे आहे सांगते आणि लायब्ररीत असते. लायब्ररी! त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे मला कळत नव्हतं. नवरा घाबरतो असं वाटत नाही, पण हे मी ठरवणार की तो? त्याला विचारते.

दूरचादिवा, तुमचे दोन्ही प्रश्न लिहून घेतले. ऑनलाइन ॲप आणि स्वतंत्र प्रॅक्टिस करणारा माणूस, यात काय घ्यावं?

खटपट्या

माझ्या मते स्वतंत्र माणूस. ॲप वाईटच असं नाही, पण तिथे थेरपिस्ट बहुतेकदा ॲप सुचवतं आणि मधेच बदलूही शकतो. घेतलंच तर प्रायव्हसी पॉलिसी वाचा. तुम्ही वाचालच म्हणा. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपीच्या कंपनीवर कारवाई केली होती, कारण गुप्त ठेवू असं सांगून घेतलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांकडे गेली होती. कंपनीने चूक मान्य केली नाही, पण ७८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्यामुळे ऑफिसचा ईमेल आणि ऑफिसचा लॅपटॉप नको. हेडफोन लावा. घरात आवाज जात असेल तर दाराबाहेर पंखा लावून ठेवा. उभ्या केलेल्या गाडीत बसून सत्र घेणारेही आहेत, फक्त गाडी चालवताना नको.

स्क्रीनवरून होतं का, तर चिंतेच्या आजारांसाठी ऑनलाइन सीबीटीचे निष्कर्ष समोरासमोरच्या उपचारांच्या जवळपास आलेले आहेत. शिवाय तुमचा त्रास घरात आणि लॅपटॉपवरच घडतो, तर थेरपिस्ट तिथेच हजर असणं हा फायदाच.

तिरपीरेघ

आता शीटबद्दल. नोंदणी आहे, चिंता किंवा ओसीडीवर काम करतात, तुमची भाषा येते आणि वेळ जमते. या चार चाळण्या लावा, उरतील त्यातले वरचे तीन घ्या आणि शीट बंद करा. चौथा कदाचित जास्त चांगला असेल. असू दे. अनुभव किती वर्षांचा यापेक्षा तुम्हा दोघांचं ध्येय एक आहे का आणि तुम्ही त्याच्याशी खरं बोलू शकता का, यावर बरंच अवलंबून असतं, आणि ते शीटमध्ये कळत नाही. चार-सहा सत्रांनंतर काय बदललं याचा आढावा घेऊ, हे मात्र आधीच ठरवून घ्या, म्हणजे मधल्या काळात रोज मोजत बसणार नाही.

निळीशाई

मेलचा मसुदा केला आहे: "मला सगळं स्वतः तपासल्याशिवाय राहवत नाही. याचा त्रास घरच्यांना आणि सहकाऱ्यांना होतो. फिरतीमुळे ऑनलाइनच जमेल. यावर तुम्ही कसं काम करता, आणि निवडण्याआधी थोडं बोलता येईल का?" पुढे आणखी तीन परिच्छेद आहेत, पार्श्वभूमी म्हणून. टाकू का इथे?

तिरपीरेघ

नको. आहे एवढंच पाठवा.

निळीशाई

पाठवली, तिघांनाही. एकीचं उत्तरही आलं, सोमवारी वीस मिनिटांचा फोन ठरला आहे. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "घाबरत नाही, कंटाळतो." ते लिहून ठेवलं आहे, सांगेन तिला. फोनवर त्या काय विचारतील, याची काही कल्पना?

दूरचादिवा

आत्ता मदत का हवीशी वाटली, आधी काय उपचार घेतले, औषधं चालू आहेत का. त्या वेळी तुम्ही नेमक्या कुठे आहात तो पत्ता आणि तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा हेही विचारतील. ऑनलाइन काम करणाऱ्याने हे विचारलं नाही तर उलट शंका घ्या. स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, दचकू नका, खरं असेल ते सांगा. तुम्ही सत्र रद्द केलं तर पैसे लागतात का, आणि माहिती गुप्त न ठेवण्याचे अपवाद कोणते, हे दोन तुम्ही विचारा. बाकी तयारी नको.